मंडईतील अनोळखी फळे-भाज्यांशी ओळख कशी करून घ्यावी

पुण्यातील बहुतेक घरांत आठवड्याची भाजी ठरलेल्या सात-आठ नावांत संपते: बटाटा, फ्लॉवर, कोबी, भेंडी, गवार, मेथी, पालक आणि अधूनमधून वांगी. त्याच वेळी कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या पाटीत चाकवत, अंबाडी, करटोली किंवा कवठ पडून असते. आपण ते पाहतो आणि पुढे जातो. अशा भाज्या नावडत्या असतात म्हणून मागे पडतात असे नाही. त्या निवडाव्यात कशा, चिराव्यात कशा आणि पहिल्यांदा कोणत्या रूपात खाव्यात हे कोणी दाखवलेले नसते, एवढेच कारण असते. ही माहिती मिळवण्याची एक साधी पद्धत येथे दिली आहे. एका वेळी एकच नवी वस्तू घ्यावी आणि तिला किमान दोन वेळा संधी द्यावी, हा त्या पद्धतीचा गाभा आहे.

पहिली पायरी: योग्य जागा आणि योग्य ऋतू निवडणे

नवी भाजी शोधण्यासाठी गुलटेकडीच्या मार्केट यार्डाची घाऊक बाजू सोयीची नाही, कारण तेथील व्यवहार मोठ्या वजनाचा असतो. त्यापेक्षा १८८६ च्या जुन्या दगडी इमारतीतील आणि तिच्या अवतीभवतीची महात्मा फुले मंडई किंवा आपल्या भागातील आठवडे बाजार बरा, कारण तेथे पावशेर किंवा एखादी जुडी सहज मिळते. सकाळी लवकर गेल्यास पालेभाज्या ताज्या असतात आणि विक्रेत्यांना बोलायलाही थोडी सवड असते.

अनेक भाज्या एकत्र पाहायच्या असतील, तर आपल्या सणांनीच त्याची सोय करून ठेवली आहे. ऋषिपंचमीच्या आधी दोन दिवस मंडईत फेरी मारावी. अळू, माठाचे देठ, सुरण, पडवळ, शिराळी, लाल भोपळा आणि मक्याची कणसे एकाच वेळी समोर मांडलेली दिसतात. जानेवारीत भोगीच्या आदल्या दिवशी पावटा, घेवडा, ओला हरभरा, गाजर आणि बोरे यांची तशीच रांग लागते. या दोन दिवशी थोडे-थोडे मिसळून विकत घेता येत असल्याने अनोळखी भाजीची अख्खी जुडी वाया जाण्याची भीतीही उरत नाही.

दुसरी पायरी: विक्रेत्याला नेमके प्रश्न विचारणे

“मावशी, ही चांगली आहे का?” या प्रश्नाला “एकदम ताजी आहे” याखेरीज दुसरे उत्तर मिळणे अवघड आहे. त्याऐवजी “तुम्ही घरी ही कशी करता?” असे विचारावे. चाकवताच्या जुडीकडे पाहून असे विचारल्यास बहुधा लगेच उत्तर येते, “ताकातली करा, डाळ-दाणे घाला, लसणाची फोडणी द्या.” अर्धी कृती त्या एका वाक्यात आलेली असते. दुसरा प्रश्न कोवळे आणि जून कसे ओळखावे हा, आणि तिसरा आणखी किती दिवस ही येत राहील हा. तिसऱ्या प्रश्नाचा उपयोग असा की हंगाम संपत आला असेल, तर पहिली ओळख पुढच्या वर्षावर ढकलणेच शहाणपणाचे ठरते. हंगामाच्या शेवटी मिळणारे करटोले पिवळसर, जून बियांचे असते आणि त्यावरून त्या भाजीविषयी कायमचे वाईट मत बनते. हिरवी, घट्ट आणि बोटाने दाबल्यावर न दबणारी करटोली घ्यावीत.

पावसाळी रानभाज्यांच्या बाबतीत एक सावधगिरी अवश्य बाळगावी. टाकळा किंवा कुर्डू यांसारख्या भाज्या ओळखणाऱ्या माणसाकडूनच विकत घ्याव्यात. सिंहगडाच्या वाटेवर दिसलेली पाने छायाचित्राशी ताडून स्वतः खुडू नयेत, कारण सारख्या दिसणाऱ्या वनस्पती पुष्कळ असतात.

तिसरी पायरी: फळाची पिकण्याची रीत समजून घेणे

फळांच्या बाबतीत निम्मी निराशा एका गोष्टीच्या अज्ञानातून येते. आंबा, केळे, चिकू, सीताफळ, पपई आणि पेरू ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकतात, कारण त्यांच्यात इथिलीन नावाचा वायू तयार होतो आणि तो पिकण्याची क्रिया पुढे नेतो. द्राक्षे, डाळिंब, मोसंबी, अननस आणि स्ट्रॉबेरी यांची गोडी मात्र तोडल्यानंतर वाढत नाही. म्हणून आंबट द्राक्षे घरी ठेवून गोड होतील अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही, आणि कडक चिकू मात्र पिकल्या केळ्याबरोबर कागदी पिशवीत ठेवल्यास लवकर तयार होतात.

पुरंदर तालुक्यातून येणारे सीताफळ घेताना खवल्यांमधल्या खाचा पाहाव्यात. त्या रुंदावून फिकट पिवळसर दिसू लागल्या, म्हणजे ‘डोळे उघडले’ की फळ दोन-तीन दिवसांत मऊ होते. बिया चावू नयेत, कारण त्या विषारी असतात. त्याच पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. उन्हाळ्यातील मीठा बहाराचे अंजीर पावसाळ्यातील खट्टा बहारापेक्षा गोड असते, त्यामुळे पहिली ओळख मार्च ते मे या काळातच करून घ्यावी.

पेरू आणि डाळिंब तर पुणेकरांनी विशेष कौतुकाने खावेत. सरदार किंवा लखनौ-४९ या नावाने ओळखला जाणारा पेरू १९२७ मध्ये, आणि ‘गणेश’ डाळिंब १९३६ मध्ये, फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी पुण्यातील गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात निवडले. आज बाजारात लालभडक ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाचेच राज्य असले, तरी फिकट गुलाबी, मऊ बियांचा गणेश मिळाल्यास दोन्हींचे दाणे एकाच वाटीत न मिसळता शेजारी-शेजारी ठेवून चाखावेत. डाळिंब म्हणजे एकच चव नव्हे, हे चार दाण्यांत कळते. मला स्वतःला परदेशी स्टिकर लावलेल्या महाग फळांपेक्षा ही तुलना अधिक आनंदाची वाटते.

चौथी पायरी: पहिल्यांदा साधे, दुसऱ्यांदा रीतीप्रमाणे

नवी भाजी प्रथम मिठाच्या पाण्यात किंवा नुसत्या तेल-हिंगाच्या फोडणीवर शिजवून तिची मूळ चव घ्यावी आणि मगच दाण्याचे कूट, गोडा मसाला, गूळ यांकडे वळावे. मसाल्याखाली दबलेल्या भाजीची ओळख होत नाही.

काही भाज्यांना मात्र हा नियम लागू होत नाही. अळू आणि सुरण यांत कॅल्शियम ऑक्सलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांच्यामुळे घसा खाजतो. ते कच्चे कधीच चाखू नयेत. चिरताना हाताला तेल लावावे, नीट मऊ शिजवावे आणि चिंच किंवा आमसूल घालण्याची जुनी पद्धत सोडू नये. अळूच्या फदफद्यात चिंच-गुळाची आंबट-गोड चव केवळ शोभेसाठी नसते.

कवठाची गोष्ट थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण ते पाहून बहुतेकांना पुढे काय करावे तेच समजत नाही. महाशिवरात्रीच्या सुमारास मिळणारे हे फळ पांढुरके, खरखरीत आणि लाकडासारखे कठीण असते. ते हातातून फूटभर उंचीवरून फरशीवर सोडावे. कच्चे असेल तर उसळी मारते, पिकलेले जागेवरच बसते. पिकलेल्याचा वासही देठापाशी स्पष्ट येतो. फोडताना वरवंटा किंवा खलबत्त्याचा दगड पुरतो. आतला तपकिरी, चिकट गर चमच्याने काढून त्यात गराच्या निम्मा गूळ, मीठ, लाल तिखट आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून हाताने कुस्करावे. चटणी पाट्यावर वाटली तर उत्तम, पण मिक्सरमध्ये बिया बारीक होऊन कडसर चव येऊ नये म्हणून झटके देऊनच फिरवावे. गरम भाकरीबरोबर ही चटणी खाल्ल्यावर त्या कवचाकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

चाकवताच्या ताकातल्या भाजीत बेसन ताकात आधी घुसळून घालावे, म्हणजे ताक फाटत नाही. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून अर्ध्या तासाने पिळून काढाव्यात, कडवटपणा सुसह्य होतो.

पाचवी पायरी: नावडले तर

मुलांना एखादी नवी चव पसंत पडण्यासाठी ती आठ-दहा वेळा समोर यावी लागू शकते, आणि मोठ्यांचीही अवस्था फारशी वेगळी नसते. म्हणून एकदा खाऊन निकाल देऊ नये. नकार चवीला आहे की पोताला, हे मात्र नीट तपासावे. दोडका गिळगिळीत लागत असेल तर त्याच्या सालींची तीळ घालून चटणी करावी, घोसाळे नकोसे असेल तर त्याची भजी करावीत. जबरदस्तीने ताटात वाढलेली भाजी आवडत नाही, पण ज्याने ती मंडईतून निवडून आणली त्याला ती चाखण्याची उत्सुकता असते, म्हणून मुलांना निवडीत सामील करून घ्यावे.

साठवण

पालेभाजी न धुता, मुळे कापून, सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि करण्याआधीच धुवावी. सफरचंद किंवा पिकलेली केळी तिच्याशेजारी ठेवू नयेत, त्यांच्या इथिलीनमुळे पाने पिवळी पडतात. केळी फ्रिजमध्ये ठेवल्यास साल काळी पडते. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नयेत. आवडलेल्या वस्तूचे नाव आणि ती कोणाकडून घेतली हे भिंतीवरील दिनदर्शिकेच्या त्या महिन्याच्या पानावर लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच सुमारास त्याच मावशींकडे जाता येते.