वाढत्या अंगाचं वेस्ट घेऊ नका: घोडेस्वारीच्या संरक्षक जॅकेटात होणाऱ्या चुका

माझ्या मुलीचं घोडेस्वारीचं पहिलं वेस्ट, म्हणजे पडल्यावर मार झेलणारं फोमचं जॅकेट, मी दोन नंबर मोठं घेतलं होतं. पोरगी नऊ वर्षांची, दर सहा महिन्यांनी बूट आखूड होणारी, त्यात वेस्टची किंमत ऐकून पोटात गोळा आलेला. मग शाळेच्या गणवेशाला लावतो तोच हिशेब लावला: वाढत्या अंगाचं घेऊ, दोन वर्षं तरी निघतील. आमचे रायडिंगचे सर निवृत्त रिसालदार. त्यांनी काही न बोलता तिला घोड्यावर बसवलं आणि मला जवळ बोलावलं. वेस्टची मागची कड खोगिरावर टेकली होती, त्यामुळे अख्खं जॅकेट वर चढून गळ्यामागची कड हेल्मेटला भिडली होती. सरांनी घोडा दुडकीवर घेतला. प्रत्येक उसळीला खोगीर वेस्टला ढकले, वेस्ट हेल्मेटला ढकले आणि हेल्मेट पोरीच्या डोळ्यांवर येई. "पडल्यावर हे वाचवेल की नाही ते नंतर बघू," सर म्हणाले, "आधी हेच तिला पाडणार."

त्यानंतरच्या सहा वर्षांत दुसऱ्या पालकांच्या आणि हौशी स्वारांच्या ज्या चुका पाहिल्या, त्यातल्या निम्म्या याच जातीच्या. वेस्ट आपण उभ्याने, आरशासमोर घालून बघतो. वापरतो मात्र बसून.

दुसऱ्याच कामाचं जॅकेट

मोटारसायकलचं आर्मर घालून घोड्यावर चढणारे आता सर्रास दिसतात. ऑनलाइन ते स्वस्त पडतं आणि दिसतंही दणकट. पण ते बनवलंय रस्त्यावर घसरत जाण्याच्या हिशेबाने. संरक्षण मुख्यतः पाठ, खांदे, कोपरं अशा ठरावीक जागी, बरगड्यांच्या बाजू बऱ्याचदा मोकळ्या. घोड्यावरून पडणारा माणूस कुशीवर पडतो, कुंपणाच्या बल्लीवर आदळतो, आणि वर घोड्याचा खूर पडू शकतो. क्रिकेटच्या चेस्ट गार्डचं तर बोलायलाच नको, तो छातीची एक बाजू झाकतो. कोलाडला राफ्टिंगला घालतात तसलं लाइफ जॅकेट घातलेला एक कॉलेजकुमारही मी पाहिलाय. फोम त्यातही असतो, पण तो तरंगण्यासाठी.

घोडेस्वारीचं वेस्ट ओळखायचं आतल्या लेबलवरून. युरोपीय मानक ईएन १३१५८, अमेरिकी मानक एएसटीएम एफ१९३७. ब्रिटनमधून आलेल्या मालावर 'बेटा' असंही लिहिलेलं असतं. आपल्या बेट्याशी त्याचा संबंध नाही, ती तिथल्या अश्वसाहित्याच्या व्यापाऱ्यांची संघटना. युरोपीय मानकात तीन पातळ्या आहेत आणि गोंधळ इथेच होतो. लेव्हल १ सगळ्यात पातळ, ती परवानाधारक जॉकींसाठी, कारण रेसमध्ये वजनाचा काटा आडवा येतो. लेव्हल २ कमी जोखमीच्या स्वारीसाठी. शिकाऊ स्वार, उड्या, क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातून अडथळे ओलांडत केलेली दौड), अगदी बुजऱ्या घोड्याला हाताळणंसुद्धा, या सगळ्याला लेव्हल ३. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकीच्या अंगात पातळसं वेस्ट बघून "तसलंच हलकं द्या" म्हणणारे पालक असतात. जॉकी ते नाइलाजाने घालतो, आपल्यावर तशी वेळ नाही.

बेटाच्या २००९च्या आवृत्तीत लेव्हल ३चं लेबल जांभळं, २०१८च्या आवृत्तीत निळं-काळं. लेबलच नसेल तर दुकानदार कितीही शपथा घेवो, ते वेस्ट परत फडताळात जाऊ द्या.

मापं तीन, आपण घेतो एक

छातीचा घेर सगळेच मोजतात. कंबर निम्मे लोक मोजतात. तिसरं माप जवळपास कुणीच घेत नाही, आणि वेस्ट बसतं की नाही ते तेच ठरवतं: पुढे कमरेपासून टेप वर न्यायची, खांद्यावरून मागे टाकायची आणि मागच्या कमरेपर्यंत आणायची. शिंप्याची साधी टेप पुरते. उंच, सडपातळ मुलाची छाती 'स्मॉल'ची आणि धड 'मीडियम'चं असतं. फक्त छाती मोजून मागवलंत तर खालच्या बरगड्या उघड्या राहतात. माझ्या मुलीचं नेमकं उलटं झालं. लांबी जास्त झाली आणि ती खोगिरावर टेकली. काही कंपन्या एकाच छातीच्या मापात 'शॉर्ट', 'रेग्युलर', 'लाँग' अशा लांब्या देतात, त्या विचारून घ्या.

मुली आणि बायकांसाठी कापणीच वेगळी मिळते. पुरुषी वेस्ट छातीवर आवळलं की कमरेला ढिलं पडतं. खाली वायर किंवा धातूचे हुक नसलेली स्पोर्ट्स ब्रा घालावी, पडल्यावर तेच हुक बरगडीत रुततात.

बसून बघा, आणि पाच मिनिटं थांबा

यातला बराचसा फोम अंगाच्या उबेने मऊ होतो. थंड वेस्ट पाटासारखं ताठ लागतं. डिसेंबरातल्या पहाटेच्या बॅचला आमच्याकडची मुलं कासवासारखी चालत येतात. म्हणून दुकानात घातल्या घातल्या "आवळतंय" म्हणून मोठं मागू नका. घालून पाच मिनिटं फिरा, बोला, मग पट्टे पुन्हा ओढा. आत पातळ शर्ट असावा. स्वेटरवरून माप घेतलं तर मार्चमध्ये तेच वेस्ट अंगात लोंबतं.

आता खोगीर. दुकानात नसेल तर पागेवर जाऊन घोड्यावर बसूनच बघू द्या, अशी अट घाला. अगदीच जमलं नाही तर कठड्यावर किंवा सोफ्याच्या दांड्यावर रिकिबीत बसल्यासारखं बसा.

पुढून वरची कड गळ्याच्या खाचेजवळ, छातीच्या मधल्या हाडाच्या वरच्या टोकाशी यायला हवी. खालची कड शेवटच्या बरगडीखाली निदान २५ मिलिमीटर. बरगडी बोटाने चाचपून शोधा, नजरेने अंदाज करू नका. मान खाली घातली की मागे मणक्याचा एक टपोरा उंचवटा हाताला लागतो, मागची वरची कड तिथपर्यंत पोचावी. आणि मागची खालची कड? बसल्यावर ती आणि खोगीर यांच्यात दोन सेंटिमीटर हवा दिसली पाहिजे. आमचे सर स्वाराच्या मागे उभं राहून दोन बोटं आडवी घालून बघतात. बोटं अडली की वेस्ट परत.

मग उड्या मारतानाची बैठक घ्यायची: रिकिबीवर भार, कंबर वर, अंग पुढे. पुढची कड पोटात खुपली तर लांबी जास्त आहे. लगाम धरतो तसे हात पुढे करा. काखेजवळ फोमने हात अडवला तर घोडा काबूत ठेवायलाच अडचण. शेवटी दुसऱ्या कुणीतरी दोन्ही खांद्यांना धरून वेस्ट वर ओढायचं. घट्ट बसलेलं वेस्ट माणसालाही थोडं उचलतं, ढिलं एकटंच कानापर्यंत येतं.

बसलं, पण त्रास देतंय

वेस्ट वर सरकत असेल तर लोक आधी बाजूचे पट्टे आवळतात. आधी खांद्याचे बघा. खांदे लांब सोडून बाजू कितीही आवळल्या तरी ते तरंगणारच. क्रम असा: खांदे, मग कंबर, मग छाती.

बाजूला पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना भिडत नसतील, मधून चार बोटं शर्ट दिसत असेल, तर वेस्ट लहान झालंय. वेल्क्रो अर्ध्यावर चिकटवून वेळ मारून नेऊ नका, पडण्याच्या झटक्याला ते टरकन सुटतं. वेल्क्रोत घोड्याचे केस आणि गवताच्या काड्या अडकून त्याची पकड जाते. जुना टूथब्रश फिरवला की परत येते.

श्वास लागत असेल तर खोल श्वास भरून पट्टे लावा. तरीही लागत असेल तर माप चुकलंय.

जाड वेणी वेस्टच्या आत घातली की मागची कड मानेपासून उचलली जाते. ती बाहेर ठेवा किंवा हेल्मेटखाली बसेल असा सपाट अंबाडा घाला. वेस्टखाली शर्टाच्या खिशात मोबाइल, गळ्यात जाड साखळी, कमरेला किल्ल्या नकोत. बाहेरचा मार फोम खाईल, आतला मोबाइल बरगडीला लागेल त्याचं काय?

हवेचं वेस्ट

हे अलीकडचं वेड. वेस्टमधून निघालेली दोरी खोगिराला अडकवायची. स्वार फेकला गेला की दोरी ओढली जाते, कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर फुटतो आणि क्षणात वेस्ट फुगतं. चीज चांगली आहे. पण अनेकांचा समज असा की हे आलं म्हणजे फोमचं जॅकेट गेलं. इव्हेंटिंग म्हणजे ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चाली), क्रॉसकंट्री आणि उड्या अशी तिहेरी स्पर्धा. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या तिच्या नियमांत क्रॉसकंट्रीला नेहमीचं वेस्ट सक्तीचं आहे आणि हवेचं घालायचं तर त्याच्यावरून. कारण साधं आहे. घोडाच स्वारासकट कोलमडला तर स्वार खोगिराजवळच राहतो, दोरीला ताण बसत नाही, आणि नेमकं तेव्हाच पाचशे किलोचं जनावर अंगावर असतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगमध्ये २३वा आलेला आपला फवाद मिर्झा बघितला असेल तर आठवून बघा: ड्रेसाजला कोट, क्रॉसकंट्रीला अंगात वेस्ट.

हवेच्या वेस्टवर घट्ट जॅकेट चढवू नका, फुगायला जागा हवी. दोरी इतकी आखूड नको की रिकिबीत उभं राहिल्यावर ताणेल. सिलिंडर एकदा उडाला की बदलायचा. सगळ्यात जास्त घडणारी चूक म्हणजे उतरताना दोरी सोडायला विसरणं. फट्ट आवाज होतो, वेस्ट फुगतं, घोडा बुजतो, आणि लगाम धरायला आलेला मोतद्दार विनाकारण शिव्या खातो. आमच्याकडे मुलांना सवय लावली आहे: आधी दोरी, मग रिकीब.

मान त्यात येत नाही

वेस्ट बरगड्यांना आणि आतल्या अवयवांना बसणारा मार कमी करतं, तोही एका मर्यादेपर्यंत. पाठीचा कणा पिळवटला गेला तर ते थांबवू शकत नाही, मानेला तर आधारच नाही. १९९५ साली अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह अमेरिकेत क्रॉसकंट्री स्पर्धेत डोक्यावर पडला. हेल्मेटने मेंदू वाचला, पण मानेचे वरचे दोन मणके मोडले आणि मानेखालचं शरीर कायमचं निकामी झालं. म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी चांगलं हेल्मेट, मग वेस्ट. माथेरानला अर्ध्या तासाच्या फेरीसाठी वेस्ट शोधत बसू नका, हेल्मेट मात्र घरून घेऊन जा.

जपणूक आणि निवृत्ती

ते कारच्या डिकीत ठेवू नका. मे महिन्यात पुण्यात बंद गाडीत फोमची वाट लागते. वॉशिंग मशीनही नको. कव्हर निघत असेल तर हाताने धुवा, फोम ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. पावसाळ्यात घामट वेस्ट पिशवीत कोंबलं तर चार दिवसांत बुरशी येते. रुंद खांद्याच्या हँगरवर मोकळं टांगा.

मोठी पडझड झाल्यावर फोम सगळीकडून दाबून बघा. खड्डा अर्ध्या तासात भरून आला नाही तर ते वेस्ट संपलं. काही झालं नाही तरी तीन ते पाच वर्षांत बदलावं लागतं, फोम म्हातारा होतो. सेकंडहँड घ्यायला माझा म्हणूनच विरोध आहे. आधीचा स्वार त्यात किती वेळा पडला, हे लेबलवर लिहिलेलं नसतं.

मुलीचं ते पहिलं, मोठं झालेलं वेस्ट दोन वर्षांनी तिला बरोबर आलं, तेव्हा मला भारी वाटलं होतं. महिनाभरात घोड्याने कुंपणावरून उडी नाकारली आणि ती बाजूच्या बल्लीवर पडली. तिला फक्त खरचटलं. वेस्टमध्ये मात्र डाव्या कुशीला अंगठा मावेल एवढी खळी राहिली, ती रात्रीपर्यंत भरली नाही. मोतद्दाराने ते आपल्या मुलासाठी मागितलं, "वरून तर चांगलं दिसतंय की साहेब" म्हणाला. मी त्याच्यासमोरच कात्रीने पट्टे कापले आणि पुढच्या आठवड्यात त्याच्या पोराला घेऊन दुकानात गेलो. आधी खांदा ते कंबर माप घेतलं. कापलेल्या फोमची पाटी आता आई कुंड्यांशी बसताना गुडघ्याखाली घेते.