डोंगरातल्या निवाऱ्यात रात्रीचा मुक्काम कसा करावा

नकाशावर निवाऱ्याचं चिन्ह दिसलं की निम्मी काळजी मिटल्यासारखं वाटतं. पण ‘निवारा’ म्हणजे तिथे नेमकं काय, हे निघण्याआधीच बघा. अमेरिकेतल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलवर अडीचशेहून जास्त निवारे आहेत. बहुतेकांना भिंती तीनच, चौथी बाजू सताड उघडी. स्कॉटलंडच्या ‘बॉथी’ला चार भिंती असतात, कुलूप नसतं, आणि आत ना वीज ना नळ. न्यूझीलंडच्या बहुतेक डोंगरी झोपड्यांना आधी तिकीट काढावं लागतं. नोंदणी लागत नसेल तिथे तुमच्या आधी दहा जण पोहोचलेले असू शकतात. म्हणून छप्पर मिळणारच असं धरून तंबू घरी ठेवू नका. वजनाची कुरकुर मीही करतो, पण तंबू नेतोच.

निघताना कुणाला तरी लिहून द्या: कुठली वाट, कुठला मुक्काम, परत कधी. निवाऱ्यात नोंदवही असेल तर तीत नाव आणि पुढचा बेत लिहा. शोध घ्यायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच उघडली जाते.

अंधार पडायच्या दोन तास आधी पोहोचा. एवढं जमलं तर बाकीचं आपोआप जमतं.

सॅक टेकवल्यावर बसू नका, आधी पाणी भरून आणा. ओढा वाटतो त्याहून लांब असतो, आणि टॉर्चच्या उजेडात निसरड्या दगडांवर उतरणं हा शहाणपणा नव्हे. पाणी खळखळ उकळू लागल्यावर आणखी एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. मग घामाचे कपडे बदला, अंगात ऊब आहे तोवरच. उंची १००० मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, त्यामुळे पायथ्याच्या हवेवरून वरच्या रात्रीचा अंदाज बांधू नका.

स्वयंपाक उघड्यावर, आडोशाला करा. बंद खोलीत स्टोव्ह पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेत असाल तर कळणारही नाही. ऊब यावी म्हणून स्टोव्ह चालू ठेवून झोपणं तर अजिबात नको.

आता उंदीर. माणसं जिथे रोज जेवतात तिथे ते असतातच. सगळं खाणं, टूथपेस्टसकट, एका पिशवीत भरा आणि टांगायची सोय असेल तिथे टांगा. अस्वलांचा मुलूख असेल तर ती पिशवी निवाऱ्यात नकोच. लांब झाडावर किंवा अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवा. सॅक रिकामी करून तिच्या चेन उघड्या सोडा. ऐकायला उलटं वाटतं, पण उंदराला आत शिरून बघता आलं तर तो कापड कुरतडत नाही. माझ्या जाकिटाच्या खिशात चार शेंगदाणे राहिले होते; सकाळी खिशाला आरपार भोक. फळीवर उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, धुळीबरोबर रोग नाकात जातो. हवा खेळू द्या, ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा. जेवणाआधीही साबणच वापरा, कारण पोट बिघडवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही.

अंथरूण घालताना लोक पांघरुणाचा विचार करतात, खालचा विसरतात. थंडी फळीतूनही येते, तेव्हा कॅरीमॅट चांगली जाड हवी. स्लीपिंग बॅगेत तीन गोष्टी सोबत घ्या: मोबाइल, हेडटॉर्चची बॅटरी आणि पाण्याचा फिल्टर. ओल्या फिल्टरमधलं पाणी गोठलं की आतल्या बारीक नळ्या फुटतात. फिल्टर वरून धडधाकट दिसतो, पण त्यातून आलेल्या पाण्याचा भरवसा उरत नाही.

उशिरा भिजून आलेल्याला जागा द्या, सरकून घ्या. हेडटॉर्चचा लाल दिवा वापरा. घोरत असाल तर झोपायच्या आधीच सांगून टाका, कानात घालायचे बोळे बहुतेकांकडे असतात.

संडास नसेल तर पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर लांब जा, १५ ते २० सेंटीमीटर खड्डा खणा, नंतर बुजवा. जागा उजेडातच बघून ठेवलेली बरी.

रात्री कुणाची तब्येत बिघडली आणि फोन लागत नसेल, तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. टॉर्चच्या झोतानेही हेच करता येतं. कुणी ऐकलं तर उत्तर मिनिटाला तीनदा येतं.

सकाळी निघताना आपला कचरा सॅकमध्ये, आदल्या कुणाचा दिसला तर जमेल तेवढा तोही. उरलेलं अन्न ‘पुढच्याला होईल’ म्हणून ठेवू नका. पुढचा येण्याआधी उंदीर येतो.