घरच्या घरी कॅलेंडुलाचं तेल: कसं करायचं, कुठे लावायचं आणि दसऱ्याचा झेंडू का नाही चालत

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करते, कारण दसऱ्यानंतर 'उरलेल्या झेंडूचं तेल केलं तर चालेल का' हा प्रश्न हमखास येतो. दाराच्या तोरणातला उरलेला झेंडू तेलात टाकून चेहऱ्याला लावायचा नाही!! त्वचेसाठी घरगुती तेल करायच्या व्हिडिओंत दिसतं ते केशरी फूल म्हणजे कॅलेंडुला, मूळचं भूमध्य समुद्राकडचं, आणि आपला झेंडू म्हणजे टॅजेटिस, मूळचा मेक्सिकोकडचा, दोघं एकाच कुळातले पण झाडं पूर्ण वेगळी. झेंडूमध्ये थायोफिन नावाची द्रव्यं असतात, ती त्वचेवर असताना ऊन लागलं की त्वचा लाल होऊ शकते, आग होऊ शकते, युरोपियन युनियनने कॉस्मेटिकमध्ये झेंडूच्या तेला-अर्कावर कडक निर्बंध घातलेत ते उगाच नाही. शिवाय बाजारातल्या फुलांवर काय काय फवारलेलं असतं ते वेगळंच.

ओळखायचं कसं? पान बघा. झेंडूचं पान कातरलेलं, पिसासारखं आणि चोळलं की उग्र वास. कॅलेंडुलाचं पान लांबट, जिभेसारखं, अखंड, हाताला थोडं चिकट लागतं. बी तर चुकायलाच नको, झेंडूचं काळं काडीसारखं आणि कॅलेंडुलाचं वाकडं, खरखरीत, अळीसारखं दिसणारं. नर्सरीत कॅलेंडुला म्हणूनच मागा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पेरलं तर साधारण दोन महिन्यात फुलं येतात आणि ऊन तापेपर्यंत झाड टिकतं. आपल्याकडे हे थंडीचंच फूल, कुंडीत मस्त येतं, फक्त मावा ही बारीक कीड पडते तेवढं लक्ष ठेवा. औषध मात्र मारू नका, नाहीतर तेच तेलात उतरणार.

आता तेल. फुलं सकाळी दव सुकल्यावर तोडायची, पूर्ण उमललेली. फक्त पाकळ्या घेऊ नका, खालचा हिरवा चिकट भाग पण ठेवा, त्यातच बराच राळेचा अंश असतो. पण तोच भाग सुकायला वेळ लावतो आणि इथेच बहुतेकांचं तेल बिघडतं, वरून पाकळ्या कुरकुरीत झाल्या म्हणून लोक बरणी भरतात आणि आत ओल राहिलेली असते, मग बुरशी. सावलीत, वारा लागेल असं सुती कापडावर पसरा, आठवडा-दहा दिवस लागतात, मधला भाग बोटाने मोडून बघा, कुडकुडीत तुटला पाहिजे. ओली फुलं तेलात घालायचीच नाहीत, कोणी कितीही सांगू दे.

काचेची कोरडी बरणी निम्मी फुलांनी भरा आणि वरून तेल, फुलं पूर्ण बुडून वर बोटभर तेल राहिलं पाहिजे. तेल कुठलं? मी गोड्या बदामाचं घेते, तिळाचं पण चालतं पण त्याचा वास सगळ्यांना झेपत नाही, खोबरेल थंडीत गोठतं आणि पिंपल्सवाल्या चेहऱ्याला तर नकोच. बरणी ओट्याच्या कोपऱ्यात उबदार जागी चार आठवडे ठेवायची, मधेमधे हलवायची. घाई असेल तर पातेल्यात पाणी, तळाला फडकं, त्यावर बरणी आणि एकदम मंद गॅसवर दोन-तीन तास, पाणी उकळता कामा नये आणि बरणीत पाण्याचा थेंब जाता कामा नये. मग मलमलच्या कापडातून गाळा, नीट पिळा, गडद रंगाच्या बाटलीत भरा. सहा महिन्यात संपवा, खवट वास आला की सरळ फेका.

बाम हवा असेल तर १०० मिली तेलाला १५ ग्रॅमच्या आसपास मधमाशीचं मेण, दोन्ही एकत्र वितळवून डबीत ओतायचं. टाचांच्या भेगांना हे तेलापेक्षा जास्त टिकतं, रात्री लावून मोजे घाला.

लावायचं कुठे तर हात, कोपर, टाचा, भांडी घासून खरखरीत झालेली बोटं, आणि आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. कॅलेंडुलात फॅराडिऑलसारखी सूज कमी करणारी द्रव्यं आहेत, आणि २००४ मध्ये फ्रान्समधल्या २५४ स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटवर झालेल्या चाचणीत रेडिएशनमुळे होणारा त्वचेचा दाह कॅलेंडुलाच्या मलमाने तुलनेसाठी दिलेल्या दुसऱ्या क्रीमपेक्षा कमी झाला होता. नंतर स्वीडनमधल्या चाचणीत मात्र साध्या क्रीमपेक्षा काही फरक दिसला नाही, म्हणजे रुक्ष, चिडलेल्या त्वचेला आराम इतकीच अपेक्षा ठेवा. डाग जाणं, गोरं होणं, सुरकुत्या गायब वगैरे जे लिहितात ते विसरा. रेडिएशन चालू असेल तर घरचं तेल अजिबात नको, डॉक्टरांना विचारूनच काय ते.

आता महाराष्ट्रात खास बघायची गोष्ट म्हणजे गाजरगवत. ते पण याच कुळातलं, १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि मग सगळीकडे पसरलं, आपल्याकडे कितीतरी जणांना त्याची त्वचेची ॲलर्जी असते. तुम्हाला गाजरगवताने किंवा शेवंतीने खाज सुटत असेल तर कॅलेंडुलाने पण सुटू शकते, अशांनी लांबच राहा. बाकीच्यांनी पण आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस बघायचं, आणि उघड्या, खोल किंवा पू झालेल्या जखमेवर घरचं तेल नाही.

आणि हो, होमिओपॅथीच्या दुकानात मिळतं ते कॅलेंडुला मदर टिंक्चर म्हणजे हे तेल नव्हे, त्यात अल्कोहोल असतं, ते थेट चेहऱ्याला चोळलंत तर आधीच कोरडी त्वचा अजून कोरडी पडेल आणि आग होईल ती वेगळी.