दावीद आणि नाथानच्या गोष्टीवरून समुपदेशन कसं करायचं

आमच्या खानापूर-बेळगाव भागात कोण चुकलं की आधी चार घरं बोलतात, मग त्याच्याशी बोलतात. बायबलमधल्या नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाची चूक दाखवताना उलटं केलं की ओ. म्हणून कुणाला भेटायला जायच्या आधी बायबलमधलं २ शमुवेल या पुस्तकाचे ११ आणि १२ दोन्ही अध्याय सलग वाचा, नुसता १२ नको, दावीदनं उरीयाची बायको बथशेबा घेतली आणि उरीयाला मारवलं, ते नीट कळल्याशिवाय पश्चात्ताप हलका वाटतो.

मग बघा, नाथान आल्या आल्या आरोप करत नाही, गोष्ट सांगतो. गरिबाची एकच मेंढी, त्याच्याच ताटातलं खाणारी, त्याच्या कुशीत झोपणारी, आणि श्रीमंतानं पाहुण्यासाठी तीच कापली. दावीद भडकतो, चौपट भरून द्यायला पाहिजे म्हणतो. तेव्हा नाथान म्हणतो, तो माणूस तूच.

मी एकदा भिशीचे पैसे वापरलेल्या एका भावाकडे बसलो होतो, चहावर साय धरली तरी तो कपाला हात लावेना. मी गप्प बसलो. शेवटी तोच म्हणाला, माझं चुकलं. तिथं घाई केली असती तर त्यानं कारणंच सांगितली असती.

कबुली आली की क्षमेचं लगेच सांगा, नाथाननंही सांगितलं. पण परिणाम लपवू नका, दावीदचं बाळ गेलंच. पैसे परत कधी, कसे, हे त्याच बैठकीत ठरवा. जमलं तर स्तोत्र ५१, दावीदची पश्चात्तापाची प्रार्थना, सोबत वाचा, सावकाश, आणि ज्याचं नुकसान झालंय त्याच्या घरी त्याच आठवड्यात जाऊन या.