दातांना तार बसवलीय? मग या चुका टाळा

तार बसवल्यावर डॉक्टर महिन्या-दीड महिन्यातून एकदा तोंडात बघतात, तेही फार तर अर्धा तास. बाकीचे सगळे दिवस दात घरच्यांच्या हवाली. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी भागातून येणाऱ्या मुलामुलींचे दात रोज बघताना एक गोष्ट वारंवार जाणवते. उपचार रेंगाळतात किंवा बिघडतात ते बहुतेक वेळा दोन भेटींच्या मधल्या दिवसांत. आणि त्यातल्या बऱ्याचशा चुका सहज टाळता येण्यासारख्या असतात.

लग्न ठरल्यावर धावपळ

दिवाळीत साखरपुडा, मे महिन्यात लग्न, आणि मधल्या सहा महिन्यांत दात सरळ करून हवे असतात. तसं होत नाही. दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. तो ज्या बाजूला जातो तिकडचं हाड विरघळतं आणि मागे सुटलेल्या जागेत नवं हाड भरतं. जास्त जोर लावून हे काम लवकर उरकत नाही, उलट दाताचं मूळ आखूड होण्याची भीती असते. म्हणून साधारण १८ ते २४ महिने धरून चला.

मुलाला सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दाखवून घ्यावं. तेव्हा लगेच तार बसवतात असं नाही, पण जबड्याची वाढ कशी होतेय ते कळतं. तार बहुधा १२ ते १४ या वयात बसते. आठवीच्या सुरुवातीला बसवली तर एसएसएलसी म्हणजे दहावीपर्यंत काम बरंचसं उरकतं. पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला, बसवली की मूल शिकायला पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातं आणि उपचार अर्ध्यावर लटकतो. जायचंच असेल तर दातांचे साचे, एक्स-रे, फोटो आणि आतापर्यंत काय केलं याची चिठ्ठी घेऊनच गाव सोडा.

तार बसवणारा डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये (दात सरळ करण्याच्या शास्त्रात) एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर शिकलेला, आहे ना, हे विचारायला लाजू नका. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत, त्यांचाही पर्याय पाहता येतो. मोबाईलवर बघून दोन दातांभोवती साधं रबर अडकवणं मात्र अजिबात नको. ते रबर हिरडीत वर सरकत मुळापर्यंत जातं आणि चांगला दात हलून पडतो.

दाढेपुढचा एखादा दात काढायला सांगितला की घरातलं कुणीतरी वडीलधारं म्हणतंच, ‘वरचा दात काढला की नजर जाते.’ दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी. गर्दी झालेल्या दातांना जागा करून द्यायला तो दात काढतात, आणि ती फट उपचारातच बुजते.

सगळ्यात महागात पडणारी चूक: ब्रशचा कंटाळा

तार काढायचा दिवस आनंदाचा असतो. पण काही मुलांच्या दातांवरून ब्रॅकेट (तार अडकवायला दातावर चिकटवलेला छोटा तुकडा) निघाल्यावर मधोमध स्वच्छ चौकोन दिसतो आणि त्याच्याभोवती खडूसारखी पांढरी कड. दात ओळीत आलेले असतात, पण हसताना आधी डाग दिसतात. ब्रॅकेटच्या कडेला साचलेल्या थरातून आम्ल सुटतं आणि ते दाताच्या वरच्या कवचातली खनिजं ओढून घेतं. हे व्हायला दोन वर्षं लागत नाहीत, चार आठवड्यांतही सुरुवात होते. ठळक डाग पुढे पुसट होतील, पण पूर्ण जातीलच असं नाही.

त्यामुळे ब्रश करायची पद्धतच बदलावी लागते. ब्रश ४५ अंशांत तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरची बाजू, मग खालची, आणि तारेखाली शिरणारा बारीक इंटरडेंटल ब्रश. फ्लोराईडची पेस्ट. रात्रीचा ब्रश एकदाही चुकवायचा नाही. दुपारी शाळेत निदान खळखळून चूळ भरा. घरात मिश्री किंवा राखुंडीची सवय असेल तर तार असलेल्या माणसाने ती सोडावीच. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, ती दात साफ करत नाही, हिरड्या खराब करते. गुटखा तर तार नसतानाही नको.

खाण्यातले सापळे

गोकाकचा करदंट मला स्वतःला फार आवडतो, पण तारवाल्यांसाठी याच्याइतका वाईट पदार्थ शोधून सापडायचा नाही. डिंक आणि गुळाने चिकट, वर सुक्यामेव्याने टणक. दाढेखाली गेला की ब्रॅकेट उपटून घेतो. गळीत हंगामात चिकोडी-अथणीकडच्या मुलांचे ब्रॅकेट निघतात ते दाताने ऊस सोलल्यामुळे. उसाचा रस प्या आणि नंतर चूळ भरा. फुटाणे, चिक्की, बर्फाचे खडे, हाडाला चिकटलेलं मटण, सगळं बंद. पेरू, सफरचंद, कणीस पुढच्या दातांनी तोडू नका, चिरून किंवा दाणे काढून खा. कडक भाकरी आमटीत कुस्करली की काही अडचण नाही. मांडे दुधात भिजवून खुशाल खा. कुंदा मऊ, त्याने काही तुटत नाही, पण साखर भरपूर, म्हणून लगेच चूळ.

ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या पारदर्शक रबर रिंगा दोन दिवसांत हळदीने पिवळ्या पडतात. त्याने नुकसान काही नाही, पण मुलं खट्टू होतात. करड्या किंवा निळ्या मागून घ्या.

काही बिघडलं तर

ब्रॅकेट सुटून तारेवर फिरत असेल तर ओढू नका. त्यावर ऑर्थो वॅक्सची (तारेसाठी मिळणाऱ्या मऊ मेणाची) गोळी दाबा आणि फोन करून वेळ घ्या. निघालेला तुकडा डबीत जपून ठेवा. ‘आता पुढच्या महिन्यात जायचंच आहे’ म्हणून गप्प बसणं चूक, कारण तेवढे दिवस तो दात जागचा हलत नाही किंवा उलटा फिरतो. दाढेभोवतीची पट्टी सैल झाली तर त्याहून घाई करा, तिच्याखाली अन्न शिरून दाढ किडते.

तारेचं टोक गालाला टोचत असेल तर पेन्सिलीमागच्या स्वच्छ खोडरबराने ते हळूच दाताकडे वाकवा, नाहीतर वॅक्स लावा. मेणबत्तीचं मेण नको. गिळलेला ब्रॅकेट बहुधा शौचावाटे निघून जातो, पण ठसका थांबत नसेल किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट इस्पितळ गाठा.

तार आवळल्यावर तीन ते पाच दिवस दात ठणकतातच. मऊ भात, गरज पडली तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल, आणि तोंड आलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा. एवढं पुरतं.

वरच्या दातांपासून खालच्या दातांपर्यंत ताणून लावायचे इलॅस्टिक, म्हणजे बारीक रबर, दिले असतील तर ते जेवण आणि ब्रशची वेळ सोडून दिवसरात्र घालायचे, रोज नवे. आठवडाभर विसरलं म्हणून एकावर एक दोन चढवले तर दात दुखतात, भरपाई होत नाही.

पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीकडून येणाऱ्यांची भेट चुकते ते समजण्यासारखं आहे, आधी फोन करून जवळची दुसरी तारीख घ्या. मुलींच्या आणि बायकांच्या बाबतीत भाड्याची अडचण आता तितकी राहिलेली नाही, कर्नाटकातल्या सरकारी साध्या बसमधून जून २०२३ पासून त्यांचा प्रवास मोफत आहे.

तार निघाली म्हणजे संपलं नाही

दात नव्या जागी आले तरी हिरडीतले ताणलेले धागे त्यांना जुन्या जागेकडे ओढत असतात. ते रुळायला वर्षभरही लागतं. म्हणून रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा, काढता-घालता येणारा साचा. सुरुवातीचे महिने जेवण सोडून सतत, नंतर डॉक्टर सांगतील तितकी वर्षं रात्री. हा भाग सोडून दिल्यामुळे पुन्हा तार बसवायची वेळ आलेले लोक कमी नाहीत. रिटेनर हरवतो तो बहुतेक वेळा लग्नाच्या जेवणात, कागदात गुंडाळून पानाशेजारी ठेवला आणि पानाबरोबर गेला. त्याची डबी खिशात ठेवा. धुवायला साधं पाणी आणि मऊ ब्रश, गरम पाण्यात प्लास्टिक वाकडं होतं. दोन-चार दिवस न घातल्यावर तो घट्ट बसू लागला तर जोर करून दाबू नका, त्याच आठवड्यात दाखवून घ्या.