घरचं सॅलड, घरचा बर्गर: आधी पाण्याचा बंदोबस्त

वाडग्याच्या तळाशी गढूळ पाणी साचलेलं सॅलड आणि दुसऱ्याच घासाला हातात फाटणारा बर्गर, दोन्हींचं दुखणं एकच: नको तिथे सुटलेलं पाणी. भाजीतलं, पॅटीतलं, टोमॅटोतलं. ते आधीच काढून टाकलं किंवा अडवलं, की निम्मं काम झालं. खालचं प्रमाण पाच बर्गरचं आहे.

सुरुवात बनपासून करा, कारण त्याला अडीच तास लागतात आणि त्यातला बराचसा वेळ नुसती वाट पाहण्यात जातो. 250 ग्रॅम मैदा, 20 ग्रॅम साखर, 4 ग्रॅम मीठ आणि 4 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट एकत्र करून 150 मिली कोमट दुधात भिजवा. दूध बोटाला जेमतेम ऊबदार लागावं. चटका बसेल इतकं गरम असेल तर यीस्ट मरतं आणि पीठ फुगतच नाही. पाच मिनिटं मळून झालं की 25 ग्रॅम मऊ लोणी घालून आणखी आठ-दहा मिनिटं मळा. लोणी घातल्यावर पीठ हाताला चिकटतं आणि नेमका इथेच धीर सुटतो. वरून मैदा भुरभुरवला की बन दगड होणार हे नक्की. मळत राहा, चिकटपणा आपोआप कमी होतो. झाकून तासभर ठेवा. दुप्पट झालं की साधारण 90 ग्रॅमचे पाच गोळे करा, किंचित दाबून आणखी 40 मिनिटं फुगू द्या. वरून दूध लावून 190 अंशांवर 15 ते 18 मिनिटं भाजा. बाहेर काढताच कापडाने झाका, म्हणजे वरचा पापुद्रा मऊ राहतो. पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नका.

आता पॅटी. राजम्याची पॅटी तव्यावर फुटते तेव्हा दोष बहुतेक वेळा ओलाव्याचा असतो. मग लोक ब्रेडचा चुरा वाढवत नेतात आणि हाती येतो पिठूळ गोळा. त्यापेक्षा राजमाच सुकवा. 200 ग्रॅम राजमा आठ तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात दाणा बोटांत सहज चिरडेपर्यंत शिजवा. कच्चट राजमा खाल्ला तर पोट बिघडतं, इथे घाई नको. चाळणीत निथळून रुंद तव्यावर, तेल न घालता, मंद आचेवर सात-आठ मिनिटं परता. सालं तडकलेली आणि कोरडी दिसली की तयार.

दोन तृतीयांश राजमा कुस्करा, बाकीचा अर्धवट ठेचा. सगळा मिक्सरमध्ये फिरवलात तर लगदा होतो, दाताला काहीच लागत नाही. त्यात सालासकट उकडून पूर्ण गार केलेला, किसलेला एक मध्यम बटाटा, परतून गार केलेला एक कांदा, 50 ग्रॅम ब्रेडचा चुरा, पाऊण टीस्पून मीठ आणि मिरपूड घाला. गरम बटाटा कुस्करला तर चिकट होतो, म्हणून गार. मूठ दाबून पाहा: गोळा टिकला आणि तळहात कोरडा राहिला तर प्रमाण जमलं. 120 ग्रॅमच्या, दीड सेंटिमीटर जाड पॅटी थापून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. मग थोड्या तेलावर, मध्यम आचेवर प्रत्येक बाजू चार-पाच मिनिटं भाजा. खालची बाजू खरपूस होऊन स्वतःहून सुटेपर्यंत उलथणं लावू नका.

खिम्याची पॅटी करायची तर नियम उलटे. चरबी 20 टक्के तरी हवी, नाहीतर ती कोरडी पडते. मीठ खिम्यात कालवू नका. त्याने मांसातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि पॅटी रबरासारखी होते. भाजायच्या क्षणी वरून लावा. आक्रसते म्हणून बनपेक्षा सेंटिमीटरभर मोठी थापा आणि मध्ये अंगठ्याने खळगा करा. आतलं तापमान मटणाला 71 आणि चिकनला 74 अंश व्हायला हवं.

सॅलडमध्ये पानं कोरडी असणं हीच मुख्य गोष्ट, ड्रेसिंग नंतरचं. ओल्या पानावर तेल टिकत नाही, घसरून तळाशी जातं. लेट्यूस मरगळलेलं असेल तर दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवा, मग निथळून स्वच्छ कापडात गुंडाळा आणि हलकेच झटका. काकडीच्या बिया चमच्याने खरवडा, फोडींना मीठ लावून 15 मिनिटं चाळणीत ठेवा. खाली पाणी साचलेलं दिसेल. एरवी ते वाडग्यात गेलं असतं. कांद्याचा उग्रपणा कमी करायला चकत्या दहा मिनिटं गार पाण्यात ठेवून टिपून घ्या.

ड्रेसिंगसाठी बाटलीत 1 टेबलस्पून लिंबाचा रस आणि पाव टीस्पून मीठ आधी हलवा, कारण मीठ तेलात विरघळत नाही. मग अर्धा टीस्पून मोहरीची पेस्ट आणि 3 टेबलस्पून तेल घालून जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि रस काही वेळ एकजीव राहतात. 150 ग्रॅम पानांना यातलं निम्मं पुरतं. कालवायचं ते वाढताना, आधी नाही. दहा मिनिटांत पानं मान टाकतात.

बर्गर रचताना बनच्या कापलेल्या बाजू लोण्यावर सोनेरी भाजा. दोन्ही बाजूंना मेयोनीज लावा. स्निग्ध थरामुळे रस पावात लगेच मुरत नाही. खाली कोरडं पान, त्यावर पॅटी, मग मीठ लावून टिपलेली टोमॅटोची एकच चकती आणि कांदा. पॅटी तव्यावरून काढून दोन मिनिटं थांबा, मगच बनमध्ये ठेवा, नाहीतर तिच्या वाफेने पान शिजतं.