मोठ्या घरातून वेगळी निघालेली मेडिकल कंपनी: नोकरीला जाण्याआधी

बायोमेडिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्स करून हॉस्पिटल उपकरणांच्या धंद्यात यायचं ठरवलेली पोरं फोन करतात, तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास असतो: "दादा, ती कंपनी मूळ ग्रुपमधून फुटलीय म्हणे. जावं का?" मी विदर्भात सर्व्हिस इंजिनिअर आहे आणि आमची कंपनीही एका मोठ्या उद्योगसमूहातूनच बाहेर पडलेली आहे. तिचं नाव इथे नको. सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ, जीई हेल्थकेअरचं.

जनरल इलेक्ट्रिकने (जीई) नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर केलं की समूहाचे तीन भाग होणार. जानेवारी २०२३ मध्ये हेल्थकेअर वेगळी झाली, एप्रिल २०२४ मध्ये वीजनिर्मितीचा धंदा जीई व्हर्नोवा म्हणून निघाला आणि उरली ती विमानाच्या इंजिनांची जीई एरोस्पेस. जुन्या भागधारकांना जीईच्या तीन शेअरमागे हेल्थकेअरचा एक मिळाला. त्याआधी सीमेन्सने २०१८ मध्ये आपली मेडिकल कंपनी हेल्थिनीअर्स शेअर बाजारात आणली होती, पण ८५ टक्के हिस्सा स्वतःकडे ठेवून. ३एमने एप्रिल २०२४ मध्ये आपला मेडिकल धंदा सोल्व्हेंटम नावाने वेगळा केला. फिलिप्सने उलटं केलं: दिव्यांचा धंदा बाहेर काढला आणि स्वतः दवाखान्यात राहिली. म्हणजे 'वेगळी झाली' हा शब्द एकच असला तरी बाप, म्हणजे मूळ कंपनी, किती सुटला ते दर वेळी निराळं. अर्ज करण्याआधी एवढं तरी बघून घ्या.

आत काय बदलतं? पहिली गोष्ट, आडवी उडी बंद होते. पूर्वी अशा समूहात लागलेला माणूस टर्बाइनमधून सीटी स्कॅनरकडे आणि तिथून जेट इंजिनकडे जाऊ शकायचा. मॅनेजर तयार करायची जीईची क्रोटनव्हिलची शाळा १९५६ पासूनची, आणि तिथून निघालेला माणूस कुठलाही धंदा चालवू शकतो अशी त्यांची श्रद्धाच होती. आता तुम्ही मेडिकलमध्ये शिरलात की मेडिकलचेच. मला यात तोटा दिसत नाही. वरचा साहेब विमानाच्या इंजिनाचे आकडे बघत बसण्याऐवजी एमआरआयचे बघतो, हे आमच्यासाठी बरंच. पण 'मोठ्या ग्रुपमध्ये लागलो, पुढे बघू' असा विचार असेल तर ही जागा तुमची नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. वेगळ्या होणाऱ्या कंपनीच्या गळ्यात बहुतेकदा कर्ज असतं. जीई हेल्थकेअर सुमारे १० अब्ज डॉलरचं कर्ज घेऊनच बाहेर पडली. कर्ज असलं की मार्जिनवर डोळा असतो, आणि फील्डवरच्या माणसाला ते पार्टच्या मंजुरीला लागणाऱ्या वेळात जाणवतं. शिवाय पहिली दोन-एक वर्षं जुन्या समूहाची कॉम्प्युटर यंत्रणा करारावर वापरायची आणि मग एक दिवस सगळं नवीन. आमच्याकडे त्या काळात पार्ट मागवायला तीन ठिकाणी लॉगिन करावं लागे. चिडायचं नाही, स्टोअरमधल्या माणसाशी दोस्ती ठेवायची. लोगोचा रंग निळ्याचा जांभळा झाला म्हणून चर्चा खूप होते. टेक्निशियनला त्याचं काही नसतं. रात्री अकराला फोन येतो, "साहेब, सीटीची ट्यूब गेली वाटतं, बाहेर पेशंट बसलेत." तिथे शेअर कुणाच्या नावावर आहेत ते कोणी विचारत नाही.

म्हणून खरी तयारी मशीनची करा. पहिल्या वर्षातच ठरवा की सीटी, एमआर (एमआरआय), अल्ट्रासाउंड की आयसीयूची उपकरणं. सगळं थोडं थोडं येणारा माणूस लहान डीलरकडे चालतो, मोठ्या कंपनीत नाही. एएमसी आणि सीएमसी या देखभालीच्या दोन करारांतला फरक तोंडपाठ हवा: पहिल्यात देखभाल आणि मजुरी, पार्टचं बिल वेगळं, दुसऱ्यात पार्टही कंपनीच्या अंगावर. सीटीची किरण सोडणारी एक ट्यूब लाखांच्या हिशेबात जाते, त्यामुळे ती करारात आहे की वगळलेली, हे साइटवर जाण्याआधी वाचायचं. सरकारी हॉस्पिटलच्या टेंडरमध्ये अपटाइमची, म्हणजे मशीन चालू राहण्याची, टक्केवारी आणि दंड लिहिलेला असतो, तोही वाचायचा.

आणि कायदा. फ्रेशर इथेच कच्चे असतात. सीटी किंवा एक्स-रे बसवायचा तर एईआरबीची (किरणांच्या सुरक्षेवर देखरेख करणारं सरकारी मंडळ) परवानगी, त्यांच्या ई-लोरा पोर्टलवरची नोंद आणि छातीला टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला. एमआरआयला यातलं काही लागत नाही, कारण तिथे आयनीकरण करणारे किरणच नाहीत. तिथे भीती चुंबकाची आणि उणे २६९ अंशांवरच्या द्रव हेलियमची. अल्ट्रासाउंडची गोष्ट तर वेगळीच. गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, २००३ पासून आणखी कडक झालेला. नोंदणी नसलेल्या सेंटरला मशीन विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही, आणि कोणाला विकलं त्याची यादी कंपनीने दर तीन महिन्यांनी सरकारला द्यायची असते. 'डेमोला दोन दिवस ठेवून जा' असं ओळखीच्या डॉक्टरांनी कितीही प्रेमाने म्हटलं तरी नोंदणी बघितल्याशिवाय मशीन गाडीतून उतरवायचं नाही.

फील्ड नको, डिझाइन हवं असेल तर बेंगळुरू. जीईचं तिथलं संशोधन केंद्र २००० सालचं. मॅक ४०० हे बॅटरीवर चालणारं, हातात नेता येणारं ईसीजी मशीन तिथेच तयार झालं, खेड्यातल्या डॉक्टरला डोळ्यासमोर ठेवून. अशा ठिकाणी कोडिंग येतं एवढ्याने भागत नाही. आयईसी ६०६०१, आयईसी ६२३०४ आणि आयएसओ १४९७१ ही मेडिकल उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानकं कशासाठी आहेत, एवढं सांगता आलं तरी मुलाखत घेणारा सरसावून बसतो.

ऑफर आली की कंपनीचं पूर्ण नाव वाचा. जीईच्या बाबतीत अमेरिकेत फूट २०२३ ला पडली, पण भारतात विप्रो जीई हेल्थकेअर ही भागीदारी १९९० पासूनची आहे. त्यामुळे पगार नक्की कोणाच्या खात्यातून येणार, एचआरला सरळ विचारा. आधीपासून नोकरीत असताना कंपनी वेगळी होत असेल, तर पीएफ खातं आणि ग्रॅच्युइटीसाठी तुमची सेवा सलग धरली आहे असं लेखी पत्र मागून घ्या. मेलवर नको, लेटरहेडवर, सहीनिशी. जुना मेल आयडी बंद होईल त्या दिवशी त्यातलं सगळं जातं.